गच्चीवरचे ऊन न्हाणीघरापर्यंत : गरम पाण्याच्या पाइपची निवड

नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास येते, जवळच्या निफाडला तर काही वर्षी ते ५ अंशांच्याही खाली उतरते, आणि नेमक्या याच दिवसांत गच्चीवरच्या सोलरची, म्हणजे सौर बंबाची, खरी परीक्षा होते. एकाच वसाहतीत शेजारी-शेजारी असलेल्या दोन बंगल्यांवर सारख्याच क्षमतेचे सोलर असतात, आदल्या दिवशी दोन्हींवर सारखेच ऊन पडलेले असते आणि दोन्ही टाक्यांतील पाणी ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान असते. तरीही एका घरात नळ सोडल्यावर मिनिटभराच्या आत कढत पाणी येते आणि दुसऱ्या घरात बादलीभर गार पाणी मोरीत सोडून द्यावे लागते. अशा वेळी दोष बहुधा सोलरला दिला जातो, तो तपासलाही जातो, पण त्यात काही सापडत नाही, कारण फरक उन्हात किंवा टाकीत नसून टाकी आणि नळ यांच्यामधल्या पाइपमध्ये असतो.

तांब्याचा बंब घरोघरी होता तेव्हा हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण बंब न्हाणीघरात किंवा त्याच्या दारातच पेटवला जाई आणि त्याच्या तोटीतून पाणी थेट बादलीत पडे. सोलरने चूल गच्चीवर नेली आणि ऊब वाहून आणण्यासाठी १०-१५ मीटर पाइप आवश्यक ठरला. हा पाइप कोणत्या पदार्थाचा असावा, किती जाडीचा असावा आणि कोठून न्यावा, हे ठरवण्यासाठी ‘सर्वांत चांगला पाइप कोणता’ असा एकच प्रश्न विचारून भागत नाही. टाकीलगतचा भाग, गच्चीवरचा उघडा भाग आणि भिंतीत गाडलेला भाग या तिन्हींवर पडणारा ताण वेगळा असतो, आणि म्हणून त्यांची उत्तरेही वेगळी येतात.

पाइपला काय सोसावे लागते

पाइप फुटण्याची भीती पाण्याच्या दाबाशी जोडली जाते, परंतु गच्चीवरच्या टाकीतून केवळ उंचीमुळे उतरणाऱ्या पाण्याचा दाब फार नसतो. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ दर चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो दाब निर्माण करतो. त्या हिशेबाने दुमजली बंगल्याच्या तळमजल्यावर हा दाब १ किलोच्या आसपास भरतो, आणि वरच्या मजल्यावरील शॉवरला तर जेमतेम पाव किलो मिळतो. दाब वाढवणारा पंप बसवला तरी आकडा सहसा २ ते ३ किलोंच्या पुढे जात नाही. बाजारातील कोणताही प्रमाणित पाइप थंड पाण्यात याच्या कितीतरी पट दाब सहन करू शकतो.

खरी कसोटी तापमानाची असते, आणि तीही नेहमीच्या तापमानाची नसून वर्षातल्या सर्वांत वाईट दिवसाची असते. एप्रिल-मे महिन्यांत कुटुंब आठ-दहा दिवस बाहेरगावी गेले की टाकीतील पाणी वापरले जात नाही, पण ऊन मात्र रोज पडत राहते. काचेच्या निर्वात नळ्यांच्या सोलरमध्ये अशा वेळी पाणी उकळण्यापर्यंत पोहोचू शकते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. टाकीच्या तोंडाशी जोडलेल्या पहिल्या मीटर-दीड मीटर पाइपला या तापमानाचा आणि कधीकधी वाफेचाही सामना करावा लागतो, तर खाली न्हाणीघराजवळच्या पाइपला ६०-६५ अंशांहून गरम पाणी क्वचितच दिसते.

यात एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. टाकीला थंड पाणी पुरवणारा पाइप ‘थंडाचा’ समजून साध्या पांढऱ्या यूपीव्हीसीचा घातला जातो, पण गरम पाणी हलके असल्यामुळे नळ बंद असताना ते टाकीतून हळूहळू या पाइपमध्येही शिरते. त्याशिवाय एखाद्या मिक्सरच्या गरम-थंड दोन्ही बाजू उघड्या राहिल्या आणि तोंड मात्र बंद असले, तर जास्त दाबाच्या बाजूचे पाणी कमी दाबाच्या बाजूत घुसते. टाकीजवळचा पांढरा पाइप झोळीसारखा लोंबू लागतो, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

प्लास्टिक तापल्यावर मऊ का पडते

प्लास्टिकचे रेणू अतिशय लांब आणि एकमेकांत गुंतलेल्या साखळ्यांच्या स्वरूपात असतात. कोरड्या शेवयांचा गुंता ताठ असतो, पण गरम दुधात पडताच प्रत्येक शेवई सैल होऊन शेजारणीवरून घसरू लागते. प्लास्टिकमधील साखळ्यांचेही विशिष्ट तापमानाला तसेच होते. यूपीव्हीसी म्हणजे मऊपणा आणणारे तेलकट पदार्थ न मिसळलेले कडक पीव्हीसी. त्याच्या बाबतीत हे तापमान ८० अंशांच्या आसपास आहे, पण त्याची ताकद त्याआधीच झपाट्याने घटू लागते, म्हणून हा पाइप फक्त थंड पाण्यासाठी ठेवतात.

सीपीव्हीसीमध्ये त्याच साखळ्यांना जास्तीचा क्लोरीन जोडलेला असतो. साध्या पीव्हीसीत वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो, तर सीपीव्हीसीत तो ६३ ते ६९ टक्क्यांपर्यंत नेलेला असतो. क्लोरीनचे अणू आकाराने मोठे असल्यामुळे साखळ्यांना एकमेकींवरून घसरणे अवघड होते आणि मऊ पडण्याचे तापमान १०० अंशांच्या वर जाते. दुकानात हा पाइप फिकट पिवळसर रंगावरून ओळखला जातो. मात्र केवळ रंगावर विसंबण्यापेक्षा पाइपवर ‘आयएस १५७७८’ हे भारतीय मानकाचे चिन्ह आहे का, हे पाहणे श्रेयस्कर असते.

त्याच छपाईत ‘एसडीआर ११’ किंवा ‘एसडीआर १३.५’ असाही एक आकडा असतो. पाइपचा बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या किती पट आहे, हे तो सांगतो. म्हणून आकडा लहान असेल तर भिंत जाड असते. एसडीआर ११ प्रकारचा सीपीव्हीसी पाइप २३ अंशांना दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २८ किलो दाब सहन करतो, पण ८२ अंशांना हीच क्षमता ७ किलोंवर येते, म्हणजे चौथा हिस्साच उरते. घरगुती दाबासाठी ७ किलोही भरपूर आहेत. परंतु त्यापुढे ९३ अंशांच्या आसपास या पाइपची शिफारस संपते. त्यामुळे उकळते पाणी किंवा वाफ येऊ शकेल अशा जागी तो जोडणे योग्य ठरत नाही.

पीपीआर हा सहसा हिरव्या रंगाचा, जाड भिंतीचा पाइप पॉलिप्रॉपिलीनपासून बनतो आणि त्याचे भारतीय मानक ‘आयएस १५८०१’ आहे. सुमारे ७० अंशांचे पाणी तो वर्षानुवर्षे वाहू शकतो आणि ९५ अंशांचे पाणी थोड्या काळापुरते सोसतो. तिसरा पर्याय संमिश्र पाइपचा. यात पॉलिथिलीनच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, त्यामुळे तो हाताने वाकवता येतो आणि वाकवला तसा राहतो. त्याचे मानक ‘आयएस १५४५०’ असून गरम आणि थंड पाण्यासाठी त्याचे प्रकार वेगळे मिळत असल्याने छापील तापमान वाचूनच तो घ्यावा लागतो.

लांबी वाढते, आणि ती कोठेतरी जाते

गच्चीवरून ६ मीटर सरळ जाणाऱ्या पाइपची कल्पना करावी. जानेवारीच्या पहाटे तो १२ अंशांवर असतो आणि त्यातून ७२ अंशांचे पाणी गेले की त्याच्या तापमानात ६० अंशांची भर पडते. एवढ्या बदलाने निरनिराळ्या पदार्थांची लांबी साधारणपणे पुढीलप्रमाणे वाढते :

| पाइप | ६ मीटरमागे वाढ |
|---|---|
| जी.आय. (जस्त चढवलेले लोखंड) | ४ मिलिमीटर |
| तांबे | ६ मिलिमीटर |
| संमिश्र (मध्ये ॲल्युमिनियम) | ९ मिलिमीटर |
| सीपीव्हीसी | २३ मिलिमीटर |
| पीपीआर | ५४ मिलिमीटर |

पीपीआरच्या बाबतीत ही वाढ दोन इंचांहून अधिक भरते. पाइप दोन्ही टोकांना घट्ट आवळला असेल तर ही लांबी बाजूला बाक काढून आपली जागा करून घेते. म्हणूनच गच्चीवरचे हिरवे पाइप नागमोडी झालेले दिसतात आणि रोजच्या या हालचालीचा ताण शेवटी एल्बो किंवा टी यांच्या जोडावर येतो. उपाय साधा आहे : पाइप सरळ रेषेत न नेता मध्ये काटकोनात वळवून थोडे अंतर आडवे न्यावा, म्हणजे वळणाची बाजू लवून वाढ सामावून घेते, आणि मधले क्लॅम्प पाइपला आधार देतील, पण त्याला सरकूही देतील इतके सैल ठेवावेत.

मग तोच पाइप भिंतीत गाडल्यावर गिलावा का फोडत नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. वाढ किती होईल हे पदार्थाच्या प्रसरणावर अवलंबून असते, पण ती रोखल्यास किती जोर निर्माण होईल हे पदार्थाच्या ताठपणावर ठरते. प्लास्टिक लोखंडाच्या मानाने फारच कमी ताठ असल्यामुळे सिमेंटने सर्व बाजूंनी धरलेला पाइप आतल्या आत किंचित दाबला जातो आणि जागचा हलत नाही. ज्या प्रसरणामुळे पीपीआर गच्चीवर अडचणीचा ठरतो, ते भिंतीत फारसे त्रासदायक होत नाही.

लोखंड, जस्त आणि पाण्यातला प्राणवायू

जुन्या नाशिकमधील घरांत आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतील बंगल्यांत गरम-थंड दोन्ही पाण्यासाठी जी.आय. पाइपच घातलेले आढळतात. त्यांचा निळ्या पट्ट्याचा ‘बी क्लास’ मध्यम जाडीचा आणि लाल पट्ट्याचा ‘सी क्लास’ जाड असतो. लोखंडावर चढवलेले जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते, आणि थंड पाण्यात ही व्यवस्था अनेक वर्षे टिकते. मात्र सुमारे ६० अंशांच्या पुढे काही प्रकारच्या पाण्यात जस्त आणि लोखंड यांच्या भूमिका उलटतात : जस्त शाबूत राहते आणि जेथे ते खरवडले गेले असेल तेथे लोखंडच खाल्ले जाऊन खोल खड्डे पडतात. पाइपवर आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो आणि भिंतही पातळ होते, म्हणून जी.आय. पाइपची गळती बहुधा आट्यांपाशी सुरू होते.

पाण्याचा प्रकारही येथे महत्त्वाचा ठरतो. महापालिकेकडून येणारे पाणी मुख्यतः गोदावरीवरील गंगापूर धरणाचे, म्हणजे पावसाचे साठवलेले पाणी असल्यामुळे तुलनेने मृदू असते. बोअरचे पाणी बेसाल्ट खडकाच्या भेगांमधून मुरत येते आणि विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सोबत आणते. पाणी तापले की त्यातील विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट न विरघळणाऱ्या कार्बोनेटमध्ये बदलतो आणि पांढऱ्या खपल्यांच्या रूपाने पाइपच्या आत साचतो. गंजून खडबडीत झालेल्या लोखंडावर या खपल्या घट्ट बसतात, तर प्लास्टिकच्या गुळगुळीत भिंतीवर त्यांना तेवढी पकड मिळत नाही.

युरोपातील घरे तापवणाऱ्या रेडिएटरशी तुलना केल्यास लोखंडाची ही अडचण अधिक स्पष्ट होते. तेथे बॉयलर, पाइप आणि रेडिएटर यांचे बंद चक्र असते आणि तेच पाणी महिनोन्‌महिने फिरत राहते. सुरुवातीला त्या पाण्यात असलेला प्राणवायू थोडासा गंज निर्माण करून संपतो आणि त्यानंतर पोलादी रेडिएटरही वर्षानुवर्षे टिकतात. अशा चक्रात साधा प्लास्टिक पाइप घातला तर हवेतील प्राणवायू त्याच्या भिंतीतून सूक्ष्म प्रमाणात आत झिरपत राहतो आणि गंज पुन्हा सुरू होतो. म्हणून तेथील प्लास्टिक पाइपमध्ये प्राणवायू अडवणारा एक खास थर घालतात. नाशिकच्या गच्चीवर याच्या उलट परिस्थिती असते. वापरलेले पाणी वाहून जाते आणि रोज शेकडो लिटर ताजे, प्राणवायूयुक्त पाणी आत येते. त्यामुळे प्राणवायू अडवणाऱ्या थराचा येथे उपयोग नाही आणि लोखंडाला मात्र गंजण्यासाठी रोज नवा पुरवठा होतो. परदेशातील घरांसाठी लिहिलेला सल्ला म्हणूनच जसाच्या तसा येथे लागू होत नाही. त्यातील एक सूचना मात्र दोन्हीकडे तितकीच खरी आहे : बॉयलरला लागून असलेला पहिला मीटरभर भाग प्लास्टिकचा नसून तांब्याचा असावा, असे ब्रिटनमधील पाइप-उत्पादक सांगतात, आणि सोलरच्या टाकीलाही तोच नियम लागू पडतो.

तांबे : उत्तम, पण सर्वत्र आवश्यक नाही

तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेल्या नाशिकला तांब्याचे गुण निराळे सांगावे लागत नाहीत. गरम पाण्याने तांबे मऊ पडत नाही, गंजून लाल पाणी देत नाही आणि ते बळकट असल्यामुळे त्याच्या पाइपची भिंत जेमतेम मिलिमीटरभर ठेवता येते. अडचण किमतीची आणि जोडकामाची आहे, कारण त्याचे जोड शिसेविरहित डाखाने किंवा दाबून बसणाऱ्या पितळी फिटिंगने करावे लागतात आणि डाख देण्याचे काम सरावाशिवाय साधत नाही.

तांबे आणि जी.आय. एकाच मार्गात वापरायचे असतील तर क्रम पाळावा लागतो. तांब्याचे सूक्ष्म कण पाण्यात विरघळून पुढे जातात आणि जस्तावर बसून तेथे झीज सुरू करतात, म्हणून पाण्याच्या प्रवाहात तांब्यानंतर जी.आय. येऊ देऊ नये. आणि दोन्ही थेट जोडण्याऐवजी मध्ये पितळी फिटिंग घालावे.

‘पाऊण इंची’ पाइप आतून किती मोठा

दुकानात सर्व पाइप अर्धा, पाऊण किंवा एक इंच अशा मापांनी मागितले जातात, पण त्या नावामागे प्रत्येक पदार्थाची मोजण्याची पद्धत वेगळी असते. पाऊण इंची बी क्लास जी.आय. पाइप आतून सुमारे २१.६ मिलिमीटर असतो. पाऊण इंची एसडीआर ११ सीपीव्हीसी तांब्याच्या पाइपच्या मापावर बेतलेला असल्याने त्याचा बाहेरचा व्यास २२.२ आणि आतला सुमारे १८ मिलिमीटर भरतो. आणि त्याच्या जागी दिला जाणारा २५ मिलिमीटरचा पीपीआर बाहेरून मोजलेला असल्यामुळे, गरम पाण्याच्या जाड प्रकारात, आतून १६.६ मिलिमीटरच उरतो.

हा फरक किरकोळ नाही. तेवढेच पाणी न्यायचे असेल तर पाइपमधील घर्षणाने होणारी दाबाची हानी आतील व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. पाऊण इंची सीपीव्हीसीऐवजी अर्धा इंची, म्हणजे आतून सुमारे १२.४ मिलिमीटरचा पाइप घातला, तर ही हानी सुमारे साडेसहा पट होते. वरच्या मजल्यावरील शॉवरला आधीच पाव किलो दाब मिळत असताना एवढी हानी परवडत नाही, म्हणून मुख्य मार्ग पाऊण इंची ठेवून अर्धा इंच फक्त शेवटच्या एक-दोन मीटरच्या फाट्यासाठी वापरणे रास्त ठरते.

गार पाण्याचा हिशेब

पाइप जितका रुंद, तितके पाणी सुरळीत येते, हे खरे असले तरी रुंद पाइपमध्ये पाणी साठतेही जास्त, आणि रात्रभर थंड झालेले हे साठलेले पाणी सकाळी सर्वांत आधी बाहेर पडते. टाकीपासून न्हाणीघरापर्यंत १५ मीटर अंतर धरले तर पाऊण इंची सीपीव्हीसीमध्ये जवळजवळ ४ लिटर पाणी मावते आणि एक इंची जी.आय.मध्ये पावणेनऊ लिटरांच्या आसपास.

त्यात पाइप स्वतः तापण्यासाठी लागणारी उष्णता मिळवावी लागते. १५ मीटर एक इंची जी.आय. पाइपचे वजन ३६ किलोंहून अधिक भरते आणि एवढे लोखंड तापवण्यासाठी साधारण ४ लिटर पाणी तितकेच तापवण्याएवढी उष्णता खर्ची पडते. तेवढ्याच लांबीच्या सीपीव्हीसीचे वजन ३ किलोंच्या आसपास असल्यामुळे तो अर्ध्या-पाऊण लिटराची ऊब घेऊन थांबतो. म्हणजे एका घरात नळाला गरम पाणी येण्याआधी टाकीतून सुमारे साडेचार लिटर पाणी निघावे लागते आणि दुसऱ्या घरात पावणेतेरा लिटर. मिनिटाला ६ लिटर पाणी देणाऱ्या नळावर पहिल्या घरात पाऊण मिनिट थांबावे लागते आणि दुसऱ्या घरात दोन मिनिटांहून अधिक. सारख्याच सोलरच्या दोन घरांत दिसणाऱ्या फरकाचे उत्तर एवढ्या हिशेबात मिळते.

आवरण काय करते आणि काय करत नाही

प्लास्टिक उष्णतेचे मंदवाहक असल्याने त्याच्या पाइपला आवरणाची गरज नाही, असा समज आहे, पण तो अपुरा आहे. सीपीव्हीसीची भिंत दोनच मिलिमीटर जाडीची असल्याने तिच्यामुळे उष्णतेच्या वाटेत पडणारा अडथळा पाइपभोवतीच्या हवेच्या अडथळ्याच्या तुलनेत थोडाच असतो. त्यावर १३ मिलिमीटर जाडीचे फोमसारखे आवरण चढवले की उष्णतेची हानी निम्म्याहून कमी होते.

मात्र आवरणाकडून अशक्य अपेक्षाही करू नये. उघड्या पाऊण इंची सीपीव्हीसीतील स्थिर पाण्याची ऊब साधारण ३५ मिनिटांत एक-तृतीयांशावर येते आणि आवरण असेल तर त्याला दीड तास लागतो. रात्रीच्या आठ-नऊ तासांत दोन्ही पाइप सारखेच गार होतात. म्हणून घरातील चार माणसांच्या लागोपाठ अंघोळींमध्ये आवरणाचा फायदा स्पष्ट दिसतो, पण पहिल्या माणसाच्या गार पाण्यावर त्याचा इलाज नाही. त्यासाठी पाइपची लांबी आणि आतील जागा कमी करणे, म्हणजे टाकी न्हाणीघराच्या डोक्यावर येईल अशी जागा आधीच निवडणे, हाच उपाय उरतो.

गच्चीवर आवरणाचे दुसरेही काम असते. उन्हातील अतिनील किरण प्लास्टिकच्या साखळ्या तोडतात आणि पाइप वरून पांढुरका व ठिसूळ होतो. आवरण पाइपला यापासून वाचवते, पण फोम स्वतःही उन्हाने भुगा होतो, म्हणून त्यावर ॲल्युमिनियमची टेप किंवा पत्रा गुंडाळणे आवश्यक असते. उघडा राहणारा सीपीव्हीसी पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या रंगाने रंगवता येतो. तेलाचा किंवा थिनरचा रंग मात्र त्याला लावू नये, कारण त्यातील द्रावके प्लास्टिकला इजा करतात.

एका मार्गात तीन पाइप

वरील सर्व गोष्टी एकत्र केल्या की निवड सोपी होते. टाकीच्या तोंडापासून पहिला मीटर-दीड मीटर, हवा सोडणारा उभा पाइप, आणि थंड पाणी टाकीत आणणाऱ्या पाइपचा शेवटचा तेवढाच भाग धातूचा असावा. तांबे उत्तम, आणि ते शक्य नसेल तर सी क्लास जी.आय., कारण हा तुकडा लहान, उघड्यावर आणि सहज बदलता येण्याजोगा असतो. थंड पाण्याचा पाइप टाकीला खालून वर येणाऱ्या वळणाने जोडला की गरम पाणी उलटे शिरण्याला आळा बसतो, आणि त्याच मार्गावर एकदिशा झडप, म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, बसवली की मिक्सरमधून होणारी पाण्याची सरमिसळही टाकीपर्यंत पोहोचत नाही. हवेच्या पाइपवर मात्र कोणतीही झडप कधीही बसवू नये, कारण वाफेला तीच एक वाट असते.

गच्चीवरून आणि डक्टमधून खाली जाणाऱ्या दुसऱ्या भागात ऊन आणि प्रसरण या दोन अडचणी असल्यामुळे तेथे आवरण घातलेला संमिश्र पाइप किंवा वळणे ठेवून नेलेला सीपीव्हीसी शोभतो. भिंतीत गाडल्या जाणाऱ्या तिसऱ्या भागात जोड कमी असणे आणि गंज नसणे हे निकष महत्त्वाचे ठरतात, म्हणून तेथे सीपीव्हीसी किंवा पीपीआर घालावा आणि जी.आय. टाळावा, कारण फरशा बसवल्यानंतर गळका आटा शोधण्याचा खर्च पाइपच्या किमतीच्या अनेक पटींनी जास्त असतो.

स्वतः जोडताना

घरच्या घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने सीपीव्हीसी सर्वांत सोयीचा आहे. त्याचे सोल्यूशन डिंकासारखे नुसते चिकटवत नाही, तर पाइप आणि फिटिंग या दोन्हींचा पृष्ठभाग विरघळवून त्यांना एकजीव करते. म्हणून पाइप काटकोनात कापावा, कडेचा चुरा काढावा, सोल्यूशन लावून पाइप आत ढकलताना पाव वळसा द्यावा आणि तो अर्धा मिनिट दाबून धरावा. यूपीव्हीसीचे सोल्यूशन सीपीव्हीसीला चालत नाही. धातूशी जोडताना पितळी आटे बसवलेले फिटिंग वापरून आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळावी. सुतळी-सफेद्याची जुनी पद्धत येथे टाळावी.

पीपीआरचे जोड सुमारे २६० अंशांच्या यंत्रावर पाइप आणि फिटिंग एकाच वेळी वितळवून करतात, आणि २५ मिलिमीटरच्या पाइपला सात सेकंदांच्या आसपास तापवणे पुरते. जास्त तापवले तर वितळलेल्या पदार्थाची कड आत येऊन वाट अरुंद होते, आणि हे बाहेरून दिसतही नाही. यंत्र भाड्याने मिळाले तरी आधी वाया गेलेल्या तुकड्यांवर सराव करणे हिताचे असते. जी.आय.चे आटे पाडणे आणि तांब्याचा डाख ही कामे अनुभवी प्लंबरवर सोपवावीत.

कोणताही पाइप निवडला तरी गिलावा करण्याआधी मार्गातील सर्व हवा काढून, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाबाने पाणी भरून तो दिवसभर तसाच ठेवावा. त्यानंतर एकदा कढत पाणी सोडून क्लॅम्प आणि वळणे पाहावीत, कारण थंड पाण्यात निर्दोष वाटणारी जोडणी आपले दोष पहिल्यांदा गरम पाण्यातच दाखवते.

चौकट : थोडक्यात

- निवड दाबावर नव्हे, तर वर्षातील सर्वांत गरम क्षणी पाइपला मिळणाऱ्या तापमानावर करावी.
- टाकीलगतचा मीटर-दीड मीटर भाग, हवेचा पाइप आणि थंड पाण्याच्या पाइपचे टोक धातूचे ठेवावे.
- गच्चीवर आवरण, त्यावर ॲल्युमिनियमचे कवच आणि प्रसरणासाठी वळणे आवश्यक आहेत.
- भिंतीत सीपीव्हीसी किंवा पीपीआर घालावा. आट्यांचे जोड गाडू नयेत.
- मुख्य मार्ग पाऊण इंची आणि फाटे अर्धा इंची ठेवावेत. खरेदी करताना आतील व्यास पाहावा.
- सीपीव्हीसीसाठी ‘आयएस १५७७८’, पीपीआरसाठी ‘आयएस १५८०१’ आणि संमिश्र पाइपसाठी ‘आयएस १५४५०’ ही मानके पाइपवरच छापलेली असतात.
- टाकी न्हाणीघराच्या जितकी जवळ, तितके सकाळी मोरीत सोडावे लागणारे पाणी कमी.